व्हरांड्यातलं बाक

उख्याचं पत्र आलं, त्याला मी उत्तर पाठवलं नाही. लिहायला बसलो नाही असं नव्हे. कागद ब्रेलच्या पाटीत अडकवायचा, टोचा हातात घ्यायचा, आणि "प्रिय उखा" एवढं टोचून झालं की हात थांबायचा. असे "प्रिय उखा" लिहिलेले बरेच कागद मी फाडले. मग वर्षं जात राहिली आणि पत्र कपाटात, धोतरांच्या घड्यांखाली पडून राहिलं.

ते पत्रही ब्रेलमध्येच होतं. मी तेव्हा अंधांसाठी पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. आमच्या ब्रेल मासिकात त्यानं कुठेतरी माझं नाव वाचलं आणि तिथल्या पत्त्यावर लिहिलं. कागद जाड होता आणि टिंबं इतक्या जोरानं टोचलेली की काही ठिकाणी आरपार भोकं पडली होती. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यानं त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, कोण हो हा, कागदाशी भांडण आहे वाटतं याचं. मी म्हटलं, शाळेतला मित्र आहे. हा मित्र दोन्ही डोळ्यांनी धडधाकट आहे, हे मी सांगितलं नाही. तेवढं सांगितलं असतं तर सगळीच गोष्ट सांगावी लागली असती, आणि गोष्ट सांगणं मला कधी जमलं नाही. आताही जमेल की नाही, शंकाच आहे.

पत्राच्या शेवटी एक प्रश्न होता. "देव्या, त्या दिवशी म्या केलेला आवाज तुले आयकू आला होता का? एवढं कळव."

आमची शाळा वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी होती. कापसाचं एक जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, बंद पडलं होतं, त्यातच शाळा भरायची आणि आम्ही राहायचो. भिंतींच्या फटींत जुना कापूस अडकलेला असे. वारा सुटला की नाकात जाई. पुढे लांबलचक व्हरांडा, मागे स्वयंपाकाची खोली, तिला लागून धान्याची कोठी. उमाळकर गुरुजी शाळेचं सगळं काही होते. शिकवत तेच, हिशेब लिहीत तेच, कुणाला ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवत तेच. त्यांना दम्याचा त्रास होता, त्यामुळे ते कुठे आहेत हे आम्हाला कायम कळायचं.

माझी नजर लहानपणी तापात गेली. डोळे मात्र जसेच्या तसे राहिले. शेजारच्या बाया घरी येत आणि आईला म्हणत, पोराचे डोळे तर कसे टपोरे आहेत. आई तेवढ्यावर आशा धरून असायची. शाळेतल्या बाकीच्या मुलांचे डोळे बहुतेक देवीनं गेलेले, कुणाचे मिटलेले, कुणाचे पांढरे. बघणाऱ्याला लगेच कळे. माझं कळत नसे.

शाळेत मला पुस्तकं सापडली. एक लाकडी पेटी होती, तीत एका दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या सफरींचं पुस्तक होतं, पाच जाड खंडांचं. चौथा खंड कुठेतरी गहाळ झालेला. मी बुजरा मुलगा, खेळायला जायचो नाही. पेटीपाशी बसून पहिले तीन खंड पुन्हापुन्हा वाचायचो. पाचव्याला हात लावला नव्हता. चौथ्यात काय झालं ते कळल्याशिवाय पाचवा कसा वाचायचा, असं मला वाटे.

उखर्डू हा स्वयंपाकीण सरूबाईंचा मुलगा. आधीची दोन लेकरं जगली नाहीत म्हणून हा जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या उखर्ड्यावर, ठेवून उचललं होतं, आणि तेच नाव पडलं. सरूबाई विधवा; मायलेक कोठीच्या कोपऱ्यात राहत. पटावर पंचवीस मुलं असली तरच शाळेला सरकारी अनुदान मिळे. त्या वर्षी एक मुलगा सुटीत घरी गेला तो परतलाच नाही. तेव्हा गुरुजींनी पटावर पंचविसावं नाव लिहिलं, ते उखर्डूचं. मग मला बोलावलं आणि म्हणाले, देवीदास, याला शिकव.

काय शिकवायचं ते मला कळेना. गुरुजी बराच वेळ खोकले. मग म्हणाले की, तपासणीला साहेब आले तर हा आपल्यातलाच वाटला पाहिजे.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आणि मला कुणी काही शिकवायला सांगितलं ही पहिलीच वेळ. मी ते फार मनावर घेतलं.

"डोये कोठी ठेवू?" उखा विचारायचा.

"वर. छताकडे. आणि बोलणाऱ्याकडे तोंड करायचं नाही, कान करायचा."

"आन् चालू कसा?"

"पाय घासत. हात पुढे. खांब आला की धडकायचं."

"तू तं कधीच नाई धडकत."

"माझं सोड. तू धडक."

"अबे, तुमी आंधये जितके धडपडत नाई, तितका तू मले धडपडाले लावून रायला."

त्याचं खरं होतं. भिंत जवळ आली की आमच्या गालाला कळतं, हवा दबल्यासारखी वाटते. खांबाचंही तसंच. गुडघ्याएवढी बुटकी वस्तू तेवढी कळत नाही. ओळखीच्या जागेत आम्ही धावायचोसुद्धा. पण डोळस माणसाला हे पटत नाही, एवढं मला त्या वयातही ठाऊक होतं. बाजारात मी एखादा खांब चुकवला की मागून कुणीतरी म्हणे, याले दिसते, सोंग करते. म्हणून उख्याला मी आमच्यासारखा आंधळा शिकवलाच नाही. लोकांच्या मनात जसा आंधळा असतो तसा शिकवला.

साहेबांनी पुस्तक हातात दिलं तर वाचता यायला हवं, म्हणून ब्रेलही शिकवलं. गावच्या शाळेत तो कधी गेला नव्हता. माय स्वयंपाक करी आणि भांडी हा घाशी. आयुष्यात पहिल्यांदा त्याला अक्षरं मिळाली ती ही. तो ती बोटांऐवजी डोळ्यांनीच वाचे, आणि माझ्यापेक्षा लवकर वाचायला लागला. मला थोडा हेवा वाटला. मग एकदा भांडी घासताघासता त्यानं मला विचारलं, चौथा भाग हरवला म्हणून रडत काय बसतो, म्या सांगतो तुले चौथा भाग. आणि खरंच सांगायला लागला. व्यापाऱ्याचं जहाज त्यानं आमच्या नदीला लावलं, व्यापाऱ्याला सरूबाईंच्या हातचा झुणका खायला घातला आणि तिखटानं घायाळ होऊन तो पाण्यात पडला. मी इतका हसलो की गुरुजी बघायला आले.

आमच्यात एक खूण होती. जिनिंगच्या मागे पेरूची बाग होती, तिकडे जाताना उखा पुढे असे. वाटेत दगड, खड्डा, काही आलं की तो जीभ टाळूला लावून एकदा 'टक्' करायचा. मी दोनदा करायचो. समजलं, असा त्याचा अर्थ.

तपासणी झाली ती पौषातल्या एका सकाळी. गावातल्या कुणीतरी वर कळवलं होतं की या शाळेत डोळस पोरं आंधळी म्हणून जेवतात. गुरुजींना त्याची कल्पना नव्हती. जीप आली, राजूरकर साहेब उतरले. मऊ आवाजाचा माणूस. चपलाही वाजत नव्हत्या त्यांच्या. आधी त्यांनी स्वयंपाक बघितला. वरण चाखून म्हणाले, बाई, पाणी जरा जास्त आहे.

"पानी आमचं हाय साहेब," सरूबाई म्हणाल्या. "डाय सरकारी हाय. थे मोजून येते."

साहेब हसले. त्यांना राग आला नाही. मग त्यांनी सगळ्या मुलांना ओळीनं उभं केलं आणि बॅटरी घेऊन एकेकाचे डोळे पाहिले. प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवत होते. शेवटी ओळीतून दोघांना बाजूला काढलं, ज्यांचे डोळे बघायला स्वच्छ होते. एक उखा. दुसरा मी.

मला वर्गात बसवून दार लावून घेतलं. बाहेर शिपायानं व्हरांड्याच्या मधोमध एक बाक आणून आडवं ठेवलं. आवाज होऊ नये म्हणून पायांखाली पोतं घातलं. हे अर्थात मला पुष्कळ वर्षांनी, उख्याच्या पत्रातून कळलं. तेव्हा मला एवढंच ऐकू आलं की साहेबांनी उख्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत यायला सांगितलं, आणि थोड्या वेळानं काहीतरी जोरात आपटलं. उखा ओरडला. मला वाटलं, धडकला खांबावर, अगदी शिकवल्याप्रमाणे. मला अभिमान वाटला.

मग दार उघडलं आणि साहेबांनी मला बोलावलं. व्हरांडा माझ्या रोजच्या पायाखालचा. मी हात खाली सोडून चालत निघालो. मध्ये थांबलो. उजवीकडे वळलो, चार पावलं व्हरांड्याच्या कडेनं टाकली आणि पुन्हा सरळ चालत साहेबांच्या आवाजापाशी येऊन उभा राहिलो.

गुरुजींचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"बाळ, तू मध्ये का थांबलास?" साहेबांनी विचारलं.

मी सदऱ्याचं टोक मुठीत धरलं.

"घाबरू नको. कुणी मारणार नाही. का थांबलास, एवढंच सांग."

"माहीत नाही," मी म्हणालो.

साहेबांनी समजल्यासारखा हुंकार दिला. गुरुजी पुढे झाले आणि म्हणाले की याचा मोठ्या डॉक्टरांचा दाखला आहे, मी काढून दाखवतो. साहेब म्हणाले, "दाखले कसे मिळतात ते मला सांगू नका, उमाळकर. मी त्याच खात्यात आहे." त्यांच्या बोलण्यात जोर नव्हता, थकवा होता. आंधळ्यांच्या ताटातलं डोळस खातात याचं त्यांना मनापासून वाईट वाटत असावं. त्यांनी ठरवलं की माझं नाव पटावरून काढायचं. जिल्ह्याच्या इस्पितळात पुन्हा तपासणी होईल, तिथे मी आंधळा ठरलो तर परत घ्यायचं. चोविसाचा पट ते तेवढ्यापुरता चालवून घेणार होते. आणखी एक जरी खोटा निघाला तर अनुदान बंद.

उखा भिंतीशी बसला होता. त्याचा पुढचा दात पडला होता. साहेबांनी स्वतःचा रुमाल त्याच्या तोंडाला लावला आणि गुरुजींना म्हणाले, याच्याकडे लक्ष द्या.

"साहेब," उखा रुमालातून म्हणाला, "मले..."

सरूबाई कुठून आल्या कळलंच नाही. तोंड धुऊन आणते लेकराचं, असं म्हणत त्यांनी त्याला उचललाच. कोठीचं दार लागलं, कडी पडली. मग दाराला आतून लाथा बसायला लागल्या. लगेच सरूबाईंनी शाळेतली सगळी भांडी अंगणात ओतली आणि दगडी फरशीवर घासायला बसल्या. पातेली, ताटं, झारे, एकावर एक आपटत होत्या. साहेब त्याच बाकावर बसून शेरा लिहीत होते. म्हणाले, तुमची बाई भांडी फार आपटते हो. गुरुजी म्हणाले, हात जड आहे तिचा.

थोड्या वेळानं गुरुजी वर्गात आले. मी पेटीपाशी बसलो होतो. ते माझ्या शेजारी जमिनीवर बसले. एवढा मोठा माणूस माझ्या शेजारी असा बसला तेव्हाच मला भीती वाटली.

"देवीदास," ते म्हणाले, "मी आत्ता जाऊन खरं सांगू शकतो. पण मग उख्याचं नाव जाईल, आणि अनुदान जाईल. सगळी मुलं आपापल्या घरी. कुणाचं घर कसं आहे, तुला ठाऊक आहे."

मी पेटीची कडी चाचपत राहिलो.

"तूच सांग. काय करू?"

त्यांचा हात माझ्या डोक्यावर होता. बाहेर भांडी आपटत होती. त्यांच्या खाली, फार खोलातून आल्यासारखा, लाथांचा आवाज येत होता.

"डॉक्टर मला परत तपासतील ना?" मी विचारलं.

"तपासतील. महिन्याभरात बोलावतील."

"मग मी जातो."

त्यांनी महिनाभर म्हटलं, ते फसवायला म्हटलं नाही. त्यांनाही तसंच वाटत होतं, असं मी धरून चालतो. माणसाबद्दल कसं धरून चालायचं हे शेवटी आपल्याच हातात असतं.

दुसऱ्या दिवशी बाबा बैलगाडी घेऊन आले. मला वाटलं होतं ते चिडतील. पण त्यांच्या आवाजावरून कळलं की तसं नव्हतं. ते आनंदात होते. मोठे साहेब जीपमधून आले, त्यांनी तपासलं आणि पोराला दिसतं असं सरकारी कागदावर लिहिलं, असा निरोप त्यांना गावात मिळाला होता. बाबांनी गुरुजींचे पाय धरले. गुरुजी नुसते खोकत राहिले.

गाडी जिनिंगच्या भिंतीला वळसा घालून निघाली. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. टक्.

मी दोनदा करायला हवं होतं. केलं नाही. गाडी पुढे गेली तसं पुन्हा एकदा, थोडं लांबून, टक्. बाबा म्हणाले, देव्या, ते रस्त्यावरचं झाड पाह्य बरं, कोनतं हाय?

वारा आला होता आणि पानं बारीक वाजत होती. मी म्हटलं, कडुनिंब.

बाबांनी गाडी थांबवली आणि मला छातीशी धरलं.

घरी आईनं माझ्या डोळ्यांपुढे दिवा धरला. उजवीकडे नेला, डावीकडे नेला. चेहऱ्याला ऊब लागायची, त्या बाजूला मी मान वळवायचो, कारण तिच्या श्वासावरून कळायचं की तिला काय हवं आहे. हे थोडे दिवस चाललं. मग एकदा मी अंगणात ठेवलेल्या दुधाच्या चरवीत पाय घातला. बाबा म्हणाले, मुद्दाम केलं. सरकारले दिसलं, आन् बापाले दाखवत नाई. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा मारलं. नंतर सवयच झाली, त्यांनाही आणि मलाही. ते वाईट नव्हते. सरकारवर त्यांचा विश्वास होता.

इस्पितळाचं बोलावणं आलं नाही. बाबा जाऊन आले, तेव्हा कळलं की डोळ्यांच्या डॉक्टरांची बदली झाली आहे आणि जागा रिकामी आहे. ती तशीच राहिली. मी ओसरीवर बसून अंबाडीच्या वाखाच्या दोऱ्या वळायला लागलो. मिसरूड फुटेपर्यंत वळत होतो. मग नवे डॉक्टर आले, त्यांनी मला खुर्चीत बसवून दोन मिनिटांत बघितलं आणि बाबांना विचारलं, इतके दिवस काय करत होतात. बाबा तिथेच जमिनीवर बसले. परतीच्या वाटेवर त्यांनी मला एकाही झाडाचं नाव विचारलं नाही, आणि पुढेही कधी नाही.

नंतर दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेत मला घेतलं. वर्गात सगळ्यात थोराड मीच. वाखानं बोटं इतकी राठ झाली होती की टिंबं समजायला पहिलं वर्ष गेलं. पण समजली. पुढे पोटही त्यांच्यावरच भरलं. पाचवा खंड मात्र मी कधी वाचला नाही. छापखान्यात तो शोधला असता तर मिळाला असता बहुधा.

उख्याचं काय झालं, ते त्याच्या पत्रातून कळलं. त्यानं लिहिलं होतं, "गुरुजीनं मले अठरा वर्षाचा होईस्तोवर पटावर ठेवलं. जे शिकलो ते सगळं टिंबाचं. छापलेलं अक्षर मले वाचता येत नाई. गावातल्या नव्या जिनिंगवर हमाली करतो, हजेरीले आंगठा देतो. पोरगं पेपर वाचून दाखवते. बायको म्हणते, चांगले डोये असून तुमी कागदाले सुया काऊन टोचता, करणी करता का कोनावर. सरकारच्या कागदावर मी आजून आंधयाच हाओ. एकदा नाव काढाले गेलो तं तिथला बाबू म्हणे, दिसाले लागलं याचा दाखला आन."

आणि पुढे: "दात पडल्यावर मी भिंतीशी बसलो होतो. तू दार उघडून निंगाला. बाक तुह्या गुडघ्याएवढं, तुले समजणार नाई, हे मले माहीत होतं. माह्या तोंडातून निंगून गेलं. सवय होती. गाडी गेल्यावर माय म्हणे, त्याले नसन आयकू आलं, तू उगी मनाले लावून नोको घेऊ. इतकी वर्सं मी तेच म्हणत आलो. पाचवा भाग म्या वाचला. तुले सांगाचा राह्यला." आणि मग तो प्रश्न.

मला आयुष्यात जवळजवळ प्रत्येक गोष्टीची शंका आली. आपण नीट ऐकलं का, नीट वाचलं का, समोरच्याला आपला कंटाळा आला का. छापखान्यात एकच पान मी तीनतीनदा तपासायचो, सहकारी हसायचे. पण त्या आवाजाबद्दल मला कधी शंका आली नाही. वर्गाच्या दारापासून आठ-दहा पावलांवर, डाव्या हाताला, भिंतीच्या बुडाशी. ओला आवाज होता, नेहमीपेक्षा वेगळा, कारण त्याचं तोंड रक्तानं भरलं होतं. मी थांबलो, कारण उखा थांब म्हणाला होता. साहेब पुन्हापुन्हा विचारत होते, का थांबलास. त्याचं एकच खरं उत्तर होतं आणि त्यानं उख्याचे डोळे उघडे पडले असते.

हे त्याला कसं लिहायचं? आणि नाही कसं लिहायचं? मी पुस्तकातला माणूस. छापलेल्या अक्षरात खोटं जाऊ नये यासाठी पगार घेतलेला. कागद फाडत राहिलो.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या शहरात अपंगांच्या नव्या ओळखपत्रांसाठी शिबिर झालं. माझी भाची मालू मला घेऊन गेली. डॉक्टरीणबाई तरुण होती, अदबीनं बोलत होती. तपासून झालं, कागद झाले, आम्ही निघालो. निघताना मी टेबलाच्या कोपऱ्यावर धडकलो. आजोबा, सांभाळून, असं म्हणत बाई उठून आली.

रिक्षात मालू म्हणाली, "मामा, एक विचारू? मी तुमचा हात धरून टेबलाच्या बाजूनं वळत होते. तुम्ही हात सोडवून घेतलात आणि धडकलात."

"असं झालं का?"

"घरी तुम्ही कधीच कशावर धडकत नाही. मागे बँकेत असंच झालं. तहसीलमध्येही."

मी गुडघा चोळत बसलो. मालू हुशार आहे, तिनं पुढे विचारलं नाही.

घरी आल्यावर मी कपाटातून उख्याचं पत्र काढलं. मधुमेहानं आता माझ्या बोटांची टोकं बधिर होत चालली आहेत. छापखान्याची नवी पुस्तकं हाताला सपाट लागतात. पण हा कागद अजून वाचता आला. त्यानं जिथे आरपार भोकं पाडली होती, तिथे तर सगळ्यात स्पष्ट. थोड्या दिवसांनी हेही जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलंच आहे. मग मी काय टोचलं ते माझं मलाही तपासता येणार नाही.

मी पाटी घेतली आणि लिहिलं:

"प्रिय उखा, तुझा आवाज मला ऐकू आला नव्हता. चालताना माझ्या पायाला पोत्याची कड लागली, म्हणून मी थांबलो. सरूमावशी बरोबर सांगत होत्या. आता पाचव्या भागात काय झालं ते कळव. तुझा, देव्या."

एकदाच वाचलं. दुसऱ्यांदा तपासलं नाही.

पोस्टात मालूनं पाकिटावर पत्ता लिहिला. जिनिंग चालू आहे की नाही, उखा आहे की नाही, देव जाणे. खिडकीतली मुलगी म्हणाली, आजोबा, पाकीट चिकटवायचं राहिलं, आणि तिकीटही नाही. मी तिला सांगितलं की ब्रेलच्या कागदांना तिकीट लागत नाही, सरकारनं तेवढं माफ केलंय. पण पाकीट उघडं ठेवावं लागतं, आत काय आहे ते तपासता यावं म्हणून. तिनं आतल्या कोणाला तरी विचारलं. मग कागद बाहेर काढल्याचा आवाज आला. तिनं त्यावर बोट फिरवलं असावं.

"उघडं गेलं तर कुणी वाचेल ना, आजोबा."

"वाचू दे," मी म्हटलं.

तिनं कागद परत आत सरकवला. शिक्का उचलला. तो दोनदा वाजला, एकदा शाईच्या गादीवर, एकदा पाकिटावर.